सोळावा हिस्सा

त्या रविवारी सकाळी पांढुर्ण्याच्या नर्सिंग होममधून डॉक्टर मॅडमचा फोन आला. "ताई, सर तुमच्याकडे सौंसरला आले का? इथं ऑपरेशन लागलंय अन् सर फोन उचलून नाही राहिले." मी म्हटलं, आंघोळीला गेला असेल, थांबा जरा. माझी पिशवी भरून दारात होती, कारण दुसऱ्याच दिवशी आम्हा बहीणभावाला नागपूरला जायचं होतं. अर्ध्या तासानं परत फोन आला... शेजाऱ्यांनी दार तोडलं, तेव्हा विलास गेलेला होता. महिना होत आला, तरी माझा राग काही जात नाही. भेटायला येणारे म्हणतात, "देवाची मर्जी." मी तोंडावर सांगते, देवाला मधात काऊन आणता? विलासचीच मर्जी होती.

विलास, माझा धाकटा भाऊ, भूलतज्ज्ञ होता. गावातले लोक म्हणायचे, बेहोशीवाले डॉक्टर. त्याचं सारं डोकं नळ्यांतच. तो कॉलेजात होता तेव्हाची गोष्ट. मोहगावच्या आमच्या संत्र्याच्या बागेत शेवटच्या ओळीला पाणी पोचत नसे. बाबा म्हणायचे, "मोटर लहान पडून राहिली." सुटीत आलेला हा म्हणाला, "मोटर नाही बाबा, पाइप बारीक आहे." वाद घालून घालून त्यानं बाबांना जाड पाइप घ्यायला लावला, आणि पाणी शेवटपर्यंत गेलं. बाबा चार दिवस बोलले नाहीत, पण पाचव्या दिवशी गावभर तेच सांगत फिरले. पुढे ऑपरेशनच्या टेबलावरही त्याचा हाच हट्ट. सलाइनची सुई जाड आणि आखूडच लावणार. नातेवाईक कुरकुरले, की म्हणायचा, "रक्त जायला लागलं तर बारीक सुईतून मी काय थेंब थेंब भरू?" श्वासनळीत घालायची नळीही बसेल तेवढी मोठी. "घसा दोन दिवस दुखेल, श्वास तर मोकळा चालेल ना!"

एकदा मी त्याच्याकडे गेले असताना रामाकोन्याचं एक जोडपं लेकराला घेऊन आलं. लेकराच्या गळ्याला आतून सूज होती, श्वास घेताना आवाज येत होता. बाप म्हणाला, "आजची रात्र काढतो, उद्या पाहू." विलास असा ओरडला की मी दचकले. "उद्या? इतकीशी सूज तुम्हाला आली तर नुसता आवाज बसेल. याची नळी बोरूएवढी आहे. नळी अर्धी झाली की हवा अर्धी नाही येत, सोळावा हिस्सा येते! सोळावा!" स्वतःच्या गाडीत घालून त्यांना नागपूरला घेऊन गेला. लेकरू वाचलं. दुसऱ्यासाठी इतकी घाई करणारा माणूस, सांगा, स्वतःच्या बाबतीत असा कसा वागतो?

राखीला माझ्याकडे आला तेव्हा पायऱ्या चढताना त्याच्या छातीतून शीळ वाजल्यासारखा आवाज येत होता. मी राखी हातातच धरून विचारलं, हे काय? म्हणे, "धूळ गेली." मास्तरकी करण्यात जन्म गेला माझा, थापा मला कळतात. राखी बांधायचीच नाही म्हटल्यावर कबूल झाला. गलगंड वाढून छातीत उतरला होता आणि श्वासनळीला दाबत होता. मी म्हटलं, "मग काढून टाक."

"काढू ना. पोळा होऊ दे. दुसऱ्या दिवशी गोटमार असते, नदीच्या दोन्ही काठांवरून दगड सुटले की सावरगावकडचे काय अन् आपल्याकडचे काय, डोकी फुटून माह्याकडेच येतात."

"अन् तुझी नळी किती उरली? हिशेब सांग."

"ताई, तू रिटायर होऊनही मास्तरीणच राहिली!" हसला आणि करंजी तोंडात टाकली.

गोटमार झाली. मग नवरात्र, मग दिवाळी. मी फोन केला की हा म्हणायचा, हे एवढं होऊन जाऊ दे. माझा संताप संताप व्हायचा. भाऊबीजेला आला तो सर्दी घेऊन. धड एक वाक्य एका दमात बोलता येत नव्हतं. मी ओवाळायचं ताट खाली ठेवलं आणि भांडायलाच बसले. तेव्हा मान खाली घालून म्हणाला, "ताई... मला भेव लागते."

"कशाचं?"

"बेहोशीचं. झोपवल्यावर नळी त्या अरुंद जागेतून पुढे गेलीच नाही, तर मग काय होते, ते मला माहीत आहे ना. पेशंटला माहीत नसते."

मी त्याचा हात धरला. म्हटलं, "मी येते तुझ्यासंग. बाहेर बसून राहते. तारीख घे." माझ्यासमोरच त्यानं नागपूरच्या डॉक्टरला फोन लावला, सोमवार ठरला. हा रविवारी सकाळी गेला. साधी सर्दी! मला-तुम्हाला झाली तर काढा पिऊन कामाला लागू. त्याच्या उरलेल्या नळीत तेवढीच सूज पुरली.

तेराव्यानंतर त्याची खोली आवरायला गेले. बायको वारल्यापासून तो एकटाच राहत होता, खोलीत कोणाचं जाणं-येणं नव्हतं. पलंगावर चादर होती तिच्या घड्या तशाच, कोणी अंग टाकल्याची खूण नाही. खिडकीपाशी हातांची लाकडी खुर्ची. तिच्या पाठीला दोन उशा बँडेजच्या पट्टीनं घट्ट बांधलेल्या, मान कलंडू नये म्हणून बाजूला गुंडाळलेला टॉवेल, आणि वरच्या उशीवर डोक्याच्या तेलाचा काळपट डाग. असा डाग चार-आठ दिवसांत पडत नाही. आडवं झालं की नळी दाबली जायची, म्हणून हा महिनोन्‌महिने बसूनच झोपत होता. रोज रात्री उशा नीट करत होता, आणि सकाळी मला फोनवर सांगत होता, मस्त झोप झाली.

मी तिथंच खाली बसले आणि मोठ्यानं बोलले त्याला. अरे विलास, पांढुर्ण्याहून नागपूर किती लांब रे? दोन तास गाडीत बसायचं होतं, बाप्पा. तेवढंच बसायचं होतं.