आफ्रिकेला जाणाऱ्यांचे तात्या

तात्या कुणाला नमस्कार करत नसत. माणूस समोर आला की पहिला प्रश्न, "गोळी लिधी का रे भो?" म्हणजे गोळी घेतलीस का. गोळी मलेरियाची, आणि भो म्हणजे आफ्रिकेला निघालेला नाहीतर तिथून परतलेला आमच्यातला कुणीही. बाकीच्या जगाशी त्यांना काही कर्तव्य नव्हतं.

नव्वदच्या दशकात सुरतेतल्या आमच्या नवागामातली, यंत्रमागांवर हात बसलेली खान्देशी पोरं टांझानियाकडच्या कापडगिरण्यांत मास्तर म्हणून जाऊ लागली. माग बिघडला की दुरुस्त करतो तो मास्तर. तात्या स्वतः सहा वर्षं तिकडे काढून आलेले. सडसडीत अंगाचे, उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि वरचं बटणसुद्धा लावलेलं. जाणाऱ्या प्रत्येकाला आधी त्यांच्या हाताखालून जावं लागे. त्यांना नेमलं कुणी, असं विचाराल तर कुणीच नाही. त्यांनीच स्वतःला नेमलं होतं आणि काढायची कुणाची छाती नव्हती.

माझ्या वेळी एजंट म्हणाला, पिवळ्या तापाच्या सुईसाठी मुंबईला कशाला हेलपाटा घालता, न टोचता टोचल्याचं कार्ड आणून देतो. मी मोठ्या खुशीत ते तात्यांना सांगायला गेलो. "छान झालं," ते म्हणाले. "डास चावायला आला की कार्ड दाखव त्याला. वाचता येत असंल तर जाईल बिचारा." दुसऱ्या दिवशी मुंबईच्या गाडीत ते माझ्या शेजारी बसलेले. सुई टोचून होईपर्यंत माझी बाही त्यांनीच वर धरून ठेवली. लाज वाटली हो! चोवीस वर्षांचा बाप्या मी.

सुई टोचल्यावर दहा दिवस थांबावं लागतं, तोवर कार्ड लागू होत नाही. ते दहा दिवस म्हणजे तात्यांची शाळा. खोलीत भर मे महिन्यात मच्छरदाणी बांधून झोपायचं. सकाळी कारखान्यात जाताना तात्या यायचे, मच्छरदाणीत डोकं घालून फुगलेला डास शोधायचे आणि चिरडून बोट माझ्या नाकासमोर धरायचे. "हे रक्त कुणाचं? तुझंच ना? नापास!" पाणी उकळून प्यायचं आणि कारखान्यातही बाटलीतून न्यायचं. एकदा दिंडोलीच्या रस्त्यावर मी उसाचा रस घेतला, तर आले कुठून कोण जाणे आणि पेला हातातून काढून घेतला. "रस उसाचा, ते दिसतंय. बर्फ कुणाचा?" मी मनातल्या मनात शिव्या घातल्या, आणि ते त्यांना कळलंही असावं.

शेवटचा धडा मात्र ते आवाज खाली आणून देत. परत आल्यावरही चार आठवडे गोळी चुकवायची नाही. घर दिसलं की माणूस गाफील होतो. त्यांचा धाकटा भाऊ बापू त्यांच्याबरोबरच तिकडे होता. दोघं गावी आले, बापूनं गोळ्या सोडल्या आणि पंधरा दिवसांत तापानं गेला. एवढं सांगून तात्या विषय बदलत.

हे सगळं ऐकलेला मी शहाणा, दोन वर्षांनी बहिणीच्या, शोभाच्या लग्नाला आलो आणि गोळ्या सोडल्या. म्हटलं, आईच्या हातचं खातोय, आता कसला मलेरिया! बाराव्या दिवशी, ऐन हळदीला, ताप भरला. गल्लीतल्या डॉक्टरनं शीण आहे म्हणून इंजेक्शन ठोकलं. लग्नाच्या सकाळी नवागामच्या उकाड्यात मी दोन घोंगड्यांखाली दातावर दात आपटत पडलेलो. नंदुरबारहून वऱ्हाड आलं होतं. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, घरात सगळ्यांना बजावलं, आफ्रिकेचं नाव काढायचं नाही. परदेशातून आजारी होऊन आलेल्या पोराबद्दल लोक तेव्हा भलत्याच रोगाचं नाव कुजबुजत. माझंही तेच म्हणणं. मंगलाष्टकं होऊ द्या, मला नवरदेवाचा कान पिळायचाय, मग बघू.

तात्या आले, घोंगडी दूर केली. "गोळी लिधी का?"

"घेतली," मी म्हणालो.

"पाकीट दाखव."

पाकीट पिशवीत होतं, भरलेलं. तात्यांनी माझ्या एक मुस्काटात दिली आणि मांडवात जाऊन ओरडले, "पोरगं आफ्रिकातून येल शे! ताप शे त्याले! रिक्षा आणा!" सनई थांबली. दादा हात जोडत धावले, "तात्या, पाया पडतो, पोरीचं लग्न मोडेल."

"मोडलं तर दुसरं जमवू. हा गेला तर कुठून आणशील?"

मोठ्या दवाखान्यात डॉक्टर वैतागले, "काका, बहार बेसो." तात्या म्हणाले, "आधी रक्त घ्या, मग बसतो. आफ्रिकेतून आलाय, तिथला मलेरिया वेगळा असतो." काचपट्टीवर निघाला तोच, मेंदूत शिरणारा. आणखी उशीर झाला असता तर हातात काही उरलं नसतं, असं डॉक्टरांनीच नंतर सांगितलं. लग्न मोडलं नाही. कान चुलतभावानं पिळला, आणि वरबाप दुसऱ्या दिवशी मला बघायला आले. आज तात्या नाहीत आणि मी आहे, तो त्यांच्या त्या ओरडण्यामुळे. हे त्यांना तोंडावर सांगायचं राहूनच गेलं, त्याची बोच आहे.

उलट चौथ्या दिवशी शुद्ध आल्यावर मी त्यांच्यावरच चिडलो. "गुपचूप नेता आलं नसतं का? सगळ्या मांडवासमोर ओरडायचं काय नडलं होतं?"



"बापूची सोयरीक ठरत होती," तात्या म्हणाले. "पाहुणे ओसरीवर बसलेले. गावचा डॉक्टर भला माणूस. त्यानं मला नीट विचारलं, पोरगा कुठं लांब जाऊन आलाय का? मी म्हणालो, नाही हो. सुरतेत असतो, माझ्याजवळ."