घरात नाव न घेतलेला

"सेकंड कझिन," डेव्ह म्हणाला. "पणजोबांपासून खाली ये, सापडेल."

डेव्ह माझा बॉस. अमेरिकेतल्या चँडलर शहराबाहेर वाळवंटात कित्येक वर्षांपूर्वी सापडलेली हाडं कुणाची, हे आमच्या लॅबला शोधायचं होतं. हाडांतला DNA काढायचा, हौसेनं वंशावळीची टेस्ट केलेल्या लोकांशी ताडायचा आणि नातेवाइकांवरून माणसापर्यंत पोचायचं. हाडांच्या खोक्यावर कुणीतरी अंदाजानं 'हिस्पॅनिक' लिहिलं होतं. म्हणून इतकी वर्षं बेपत्ता भारतीयांच्या यादीशी कुणी ताडलंच नव्हतं. अंदाज करणाऱ्याला ते खोडायचंही सुचलं नाही.

मॅच निघाली मॉरिसव्हिलच्या एका मराठी काकूंशी. त्यांना मुलीनं टेस्ट किट भेट दिलं होतं.

"इतकं जवळचं नसेल," मी म्हटलं. "यांच्यात मामाच्या मुलीशी लग्न होतं. पिढ्यान्‌पिढ्या तसं झालं की लांबचं नातंही जवळचं दिसतं."

"तुझे लोक, तू बघ."

मी काकूंना फोन केला.

"आमच्यात कुणी हरवलेलं नाही गं," त्या म्हणाल्या. "सगळे वेल सेटल्ड आहेत."

मी विचारलं, "काकू, ज्याचं घरात नाव घेत नाहीत, असं कुणी?"

त्यांनी आवाज खाली आणला.

"लांबच्या मामेभावाचा मुलगा. जॉब गेला, व्हिसा संपला, तरी परत आला नाही. वडिलांनी नाव टाकलं. मग त्याचे फोनही बंद झाले."

"पोलिसांत कळवलं?"

"कसं कळवणार? तो इल्लीगल होता ना. लोक काय म्हणाले असते?"

त्याची सख्खी बहीण श्रूजबरीला असते. तिच्या गालातून स्वॅब घेतला. जुळला.

"बाबा सांगायचे, तो आपल्याला विसरलाय," ती म्हणाली. "मी दर राखीला त्याच्यावर चिडायचे."

माझा भाऊ गेल्या वर्षी गेला. मी त्याच्या उशाशी होते. हिच्या भावाच्या उशाशी दगड होते, आणि त्याला शोधू नये असं घरच्यांनी शांतपणे ठरवलं होतं.

डेव्हनं मेल केली: 'ग्रेट क्लोजर!' मी ती मेल बंद केली.

आठवड्यानं काकूंचा फोन आला. "अगं, हार्ट अटॅकनं गेला असं सांगू या का सगळ्यांना?"

"काकू, रिपोर्टमध्ये मृत्यूचं कारण अज्ञात आहे," मी म्हटलं. "नाव मात्र आता आहे. तेवढं तरी घ्या."

तेव्हापासून मी कुठल्याच मराठी घरी 'कुणी हरवलंय का' असं विचारत नाही. उत्तर नेहमी 'नाही' असंच येतं.