कोक ओव्हनची शाळा

आधी उलट्या हाताने पोराचं कपाळ चाचपायचं, मग मान हलवायची आणि म्हणायचं, "गरम हाय. चालू द्या." आमच्या समोरच्या क्वार्टरमधले शेजारी धडा सुरू करण्याआधी रोज हे करत. ताप पाहत नसत. डोकं शिकण्याइतकं तापलंय की नाही, ते पाहत. तऱ्हेवाईक शेजारी तुम्हीही पाहिले असतील, पण आमचा नमुना भिलाईचा होता आणि कोक ओव्हनवर नोकरीला होता.

कोक ओव्हन म्हणजे दगडी कोळसा भाजायच्या भट्ट्यांची लांबलचक रांग. तिला बॅटरी म्हणतात. एकदा पेटवली की वर्षानुवर्षं विझवत नाहीत, कारण थंड झाली तर आतल्या विटा तडकतात. आता हे ज्ञान माणसाने कारखान्याच्या गेटवर ठेवून घरी यावं की नाही? ह्यांनी ते घरी आणलं आणि स्वतःच्या लेकरांना लागू केलं. मुलगा सात वर्षांचा, मुलगी सहाची. शाळेला सुट्ट्या फार, सुट्टीत डोकं थंड होतं, आणि थंड झालेलं डोकं तडकतं! म्हणून दोघांची शाळा घरीच.

त्या शाळेला दिवाळी नव्हती, रविवार नव्हता. वेळ ह्यांच्या ड्युटीबरोबर फिरायची. सकाळची ए शिफ्ट असली की शाळा संध्याकाळी, दुपारची बी शिफ्ट असली की सकाळी. डालड्याच्या डब्याचं झाकण कापून लेकरांना कामगारांसारखे हजेरीचे टोकन करून दिले होते, ते खिळ्याला अडकवल्याशिवाय सतरंजीवर बसायचं नाही. आणि सुटताना लॉगबुक लिहायचं, तेही कारखान्यासारखं हिंदीत. शेवटची ओळ ठरलेली, 'दुर्घटना शून्य'. सहा वर्षांच्या पोरीला 'दुर्घटना' लिहिता यायचं, आणि लगोरी कशाशी खातात ते ठाऊक नव्हतं.

त्यांची बायको माझ्याहूनही बुटकी, आणि ते ताडमाड. जोडी चालली की आमच्या ब्लॉकमध्ये खसखस पिकायची. एकदा माझ्याकडे मटार सोलताना तिने खरं काय ते सांगून टाकलं.

"शाळा वाईट नव्हती हो. पयल्या दिवशी पोरगी फाटकापाशी रडली. तिचं रडनं आयकून ह्यायच्याच डोयात पानी. उचलली अन् पोरासकट घरी घेऊन आले. तवापासून बॅटरी चालू हाय."

घ्या! एवढा सहा फुटी माणूस पोरीच्या रडण्याला भ्याला आणि त्या भीतीचं त्याने शास्त्र केलं. मी पोट धरून हसले. ती हसली नाही. तिच्या लेकरांना एकही सोबती नव्हता, तिच्या जिवाला तोच घोर लागला होता. शेवटी ती स्वतः जाऊन सेक्टरच्या शाळेतल्या बड्या दीदींना, म्हणजे हेडबाईंना, भेटली. दीदी म्हणाल्या, बडे दिन की छुट्टी, म्हणजे नाताळची सुट्टी, संपली की दोघांची परीक्षा घेते. पास झाले तर मोठा दुसरीत, धाकटी पहिलीत. नाहीतर पुन्हा माझ्याकडे येऊ नका.

ह्यांना वाटलं, आपल्या शास्त्राची परीक्षा आहे. "दाखवूनच देतो," म्हणाले. आणि अख्खं भिलाई नाताळच्या सुट्टीत उन्हात लोळत असताना ह्यांची भट्टी डबल शिफ्टमध्ये पेटली.

आता माझंही पाप सांगते. सुट्टीत घरभर नाचणाऱ्या माझ्या पप्पूला मीही तिथे ढकललं. तेवढीच शांतता! पहिल्या दिवशी परत आला तर विचारलं, "काय शिकला रे?" म्हणाला, "दुर्घटना शून्य." तिसऱ्या दिवशी टोकन खिळ्यालाच ठेवून पसार झाला. सापडला पलीकडच्या ब्लॉकमधल्या नर्सबाईंकडे. नर्सबाई केरळच्या, ख्रिश्चन. त्यांच्या व्हरांड्यात येशूचा गोठा उभा राहत होता आणि दोन्ही ब्लॉकमधली सगळी पोरं गवत, चिंध्या, माती घेऊन तिथे जमली होती. वर बल्ब घातलेला लाल कागदाचा मोठा तारा. संध्याकाळी तो लागला की पोरांचा जो गिल्ला उठायचा, तो शेजारच्या दुर्गपर्यंत जात असेल.

तारा नेमका ह्यांच्या खिडकीसमोर. लेकरांच्या माना पुस्तकातून सारख्या तिकडे. ह्यांनी काय करावं? कणकेची खळ शिजवली आणि खिडकीच्या काचा खालपासून वरपर्यंत वर्तमानपत्राने लिंपून टाकल्या!

मला राहवलं नाही. जिन्यातच गाठलं. "भाऊ, दहा दिवस लेकरं खेळतीन तं काय तुमची बॅटरी फुटून जाईन?"

"वहिनी, तुमाले कोक ओव्हनचं काय समजते?"

"नाई समजत. लेकरायचं समजते."

"परीक्षा झाली का मंग खेळतीन," ते म्हणाले आणि दार लावून घेतलं. असा राग आला होता मला! नाताळच्या संध्याकाळी नर्सबाईंनी बशीत केक पाठवला, तर तोही म्हणे लेकरांना धडा संपल्यावर मिळाला.

जानेवारीत परीक्षेला मीही गेले, पप्पूची फी भरायचं निमित्त करून. खोटं कशाला बोलू, ह्यांची फजिती पाहायची होती. पण वाचन झालं, पाढे झाले, गणितं झाली, दोन्ही लेकरं कुठे अडली नाहीत. मोठा पास झाला. ह्यांची छाती फुगत चालली. मग दीदींनी धाकटीला पाटी दिली आणि म्हणाल्या, "बेटा, बडे दिन पर पाँच लाइन लिखो."

ह्यांचा चेहरा उतरला. तेवढंच शिकवलं नव्हतं. पोरीने मात्र खाली मान घालून सरसर लिहिलं. दीदींनी पाटी घेतली आणि मोठ्याने वाचली.

"बाबा ए शिफ्ट में. शाम को पढाई चालू. सामने तारा जल रहा था. सब बच्चे बाहर थे. हम दोनों अंदर थे. दुर्घटना शून्य."

दीदींनी पाटी हळूच टेबलावर ठेवली. मी हसायला आले होते, ती पप्पूच्या फीच्या पावतीच्या घड्या घालत बसले. ह्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला.

"कल से आओगी?" दीदींनी विचारलं. पोरीने बापाकडे पाहिलं. त्यांचा उलटा हात सवयीने तिच्या कपाळाकडे गेला आणि तिथेच थांबला.

"गरम हाय, बाबा," ती म्हणाली. "जाऊ द्या नं मले."

दुसऱ्या दिवशी ती फाटकातून आत पळाली ते एकदाही मागे न पाहता. रडलं कोण, ते मी सांगत नाही.

सगळ्यांना वाटलं, आता तरी ते कागद निघतील. कुठचे निघतात! मी टोमणे मारून थकले. "हवा येते वहिनी, थंडीची," म्हणायचे. मे महिन्यात त्यांना दुसऱ्या सेक्टरात मोठं क्वार्टर मिळालं. पुढे बाजारात कधीमधी भेटत, पप्पूचं कपाळ चाचपत. रिटायर होऊन गोंदियाकडच्या गावी गेले आणि तिथेच वारले, असं मागाहून कळलं.

पण मे महिन्यात ते समोरचं क्वार्टर सोडून गेले, त्या दिवशी किल्ली माझ्याकडे होती. मी आत गेले. खिळे होते, टोकन नव्हते. खिडकीवर कागद तसाच, पिवळा पडलेला. त्याला खाली, माझ्या कमरेशी, दोन भोकं होती, पेन्सिलीने पाडलेली. लेकरांची. मला हसू आलं. मग वर नजर गेली. वर, खूप वर, आणखी एक भोक होतं.

मी टाचा उंचावल्या, तरी डोळा पोचेना. घरून स्टूल आणलं, चढले आणि डोळा लावला. नर्सबाईंच्या व्हरांड्यातला तारा टांगायचा खिळा अगदी समोर दिसत होता.

लबाड माणूस!