बापूरावांच्या नळ्या

ठाण्याच्या आमच्या अंगणात तो माणूस येऊन उभा राहिला आणि काही केल्या ओसरीवर चढेना, पाण्यालाही नको म्हणाला, तेव्हाच मी काय ते उमजलो. "कल्याणचे बापूराव गेले," एवढे बोलून तो आल्या पावली स्टेशनाकडे वळला. बापूराव माझ्या धाकट्या बहिणीचे, यमूचे यजमान. धडधाकट माणूस, तापाचे निमित्त झाले आणि गेला. हे लिहायला उशीर झाला, कारण माझा उजवा तळवा भाजला होता. कसा, ते पुढे येईल.

कल्याणास ते आगगाडीच्या इंजिनांच्या कारखान्यात होते. माणूस हट्टी, आणि स्वतःच्या अकलेवर भारी खूश. लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात यमू चुलीवरचा कढत पाण्याचा हंडा न्हाणीत नेताना घसरली आणि तिचे पाऊल कायमचे अधू झाले. त्या दिवशी यांनी पण केला, "या घरात ऊन पाणी कुणी उचलायचं नाही. ते आपलं आपण चालत जाईल." मग चुलीच्या वैलावर, बाजूच्या त्या तोंडावर, तांब्याचा बंब पक्का बसवला. माळ्यावर टाकी, टाकीतून बंबात आणि बंबातून न्हाणीत लोखंडी नळ्या. सांध्यांना ताग गुंडाळत बसले की जेवणाची शुद्ध नसे! पण इतके करून पहिल्या खेपेस येणारी नळी जाणारीच्या जागी जोडली. चूल पेटताच भिंत आतून कुणी ठोठावावे तशी वाजू लागली. त्यांच्या आईंनी भिंतीवरून मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. हे खो खो हसले. "अगं आई, भूत नाही, वाफ आहे. जाळ नाही तर वाफ नाही, आणि वाफ नाही तर ठोके नाहीत." नळ्या बदलल्या तरी रोज सकाळी दोन ठोके राहिलेच. ते झाले की बापूराव तोटीशी जाऊन उभे राहत आणि यमूला बजावत, "आधी घंगाळात गार ओत, मग तोटी सोड." रोज तेच. मी पुष्कळ थट्टा केली.

मी सुतकात भेटायला गेलो. त्यांच्या घराण्यात सुतक फिटेपर्यंत चूल पेटत नाही, जेवणाची पाने शेजारून येतात. आईंनी मला ओसरीवरच गाठले. "विष्णुपंत, तुम्ही तिला समजवा. त्या नळ्या उपटून टाकू द्या मला. घरात जाळ नाही, आणि भिंत वाजते हो..."

"मग पाणी मी उचलू?" यमू आतून म्हणाली. "दादा, त्यांचं एवढंच तर उरलंय."

मला दोघींची कीव आली. दुःखात माणसाला काय वाटेल ते ऐकू येते. म्हातारीचे ऐकावे, नळ्या काढाव्यात, असे ठरवून मी भर दुपारी हातपाय धुवायला न्हाणीकडे निघालो. वाटेत चूल पाहिली. सारवून ठेवलेली. आतल्या गार राखेत मांजर गाढ निजले होते. मी न्हाणीत पाऊल टाकले आणि भिंतीत दोन ठोके पडले... मी तोटी सोडून हात पुढे केला.

"दादा, आधी गार ओत!" यमू दारातून म्हणाली. "ते सांगतात ना."

तोवर हात भाजला होता. बाहेर आलो. आईंनी माझा लाल तळवा पाहिला, मग चुलीतले मांजर पाहिले.

"नळ्या राहू द्या," मी म्हणालो.

आता सुतक फिटले आहे, चूल पेटते आहे, तळवाही बरा झाला. परवा पुन्हा जाऊन आलो. सकाळी दोन ठोके पडले तशी यमू घंगाळात गार पाणी ओतून न्हाणीत उभी राहिली. तोटीला लागून नाही. जरा मागे, पुढे एक माणूस उभा राहील एवढी जागा सोडून.