भाड्याच्या घरातली दगडी चौकट

जपानमधल्या आमच्या फुनाबोरीच्या घरात एक फायरप्लेस आहे आणि तिच्यात आग नाही. आगीचं चित्र आहे. बटण दाबलं की काचेमागे केशरी जाळ हलतो, लाकडं तडतडल्याचा आवाज येतो आणि खोली होती तेवढीच थंड राहते. गरम हवेचं आणखी एक बटण आहे, पण ते आम्ही घर घेतलं तेव्हापासून बंद आहे.

हे सगळं आधीच्या मालकांचं. ते दातांचे डॉक्टर होते आणि निवृत्त होऊन मुलीकडे राहायला गेले. जपानमध्ये घर विकणारा माणूस जाताना दिवे, एसी, पडद्यांचे दांडे काढून नेतो हे आम्हांला माहीत होतं. डॉक्टरांनी फायरप्लेसभोवतीची संगमरवरी चौकटसुद्धा उचकटून नेली. मागे राहिलं भिंतीतलं एक भोक, भोवती प्लायवुडच्या चिरफाळ्या आणि आत ती आग. "सवयीनं उपटून नेलं असेल," बायको म्हणाली. नवी चौकट बसवायची, आणि ती दगडीच, हे तिनं किल्ल्या हातात पडल्या त्याच दिवशी ठरवलं.

तिचंही खरं होतं. त्याआधी नऊ वर्षं आम्ही निशी-कसाईत भाड्याच्या फ्लॅटांमधून राहिलो होतो. भाड्याच्या घरात खिळा मारायचा नाही. घर सोडताना एक माणूस बॅटरी घेऊन येतो आणि भिंतीवरची भोकं शोधतो. त्यामुळे आमचं घड्याळ नऊ वर्षं फ्रिजवर होतं आणि गणपतीची तसबीर जमिनीवर, भिंतीला टेकून. पुण्याला फोन केला की बायको हे गाऱ्हाणं हमखास गायची. नव्या घरात सामान उघडायच्या आधी तिनं हातोडी काढली, दाराशी एक खिळा ठोकला आणि त्यावर कॅलेंडर लटकवलं. मग बराच वेळ ती त्या खिळ्याकडेच बघत होती.

अडचण एकच होती. घर घेतल्याचं मी बाबांना सांगितलं नव्हतं.

आई गेल्यापासून बाबा पुण्यात एकटे असतात. वरची खोली त्यांनी आमच्यासाठी ठेवली होती. दर दिवाळीला तिला रंग द्यायचे आणि मला फोटो पाठवायचे. मी दर वेळी म्हणायचो, अजून दोन वर्षं बाबा, मग येतोच. असं चार-पाच वेळा झालं होतं. घर विकत घेतलं म्हटल्यावर या दोन वर्षांचा अर्थ कुणालाही कळला असता. मी भित्रा माणूस आहे. मी त्यांना सांगितलं की कंपनीनं मोठं घर दिलंय. मग बाबांनी तीन महिन्यांचा व्हिसा काढला आणि ते घर बघायला आले.

ते आले आणि चौथ्या दिवशी दाइकू-सान आले. दाइकू म्हणजे सुतार, पण हे सत्तरीचे गृहस्थ भिंती, फरशा, छप्पर सगळंच करतात. त्यांची तारीख आम्ही अर्धं वर्ष आधी घेतली होती. ती हुकली तर पुढची केव्हा मिळेल ते देवालाही माहीत नव्हतं. पुढे ढकलू या का, असं बायकोला विचारायची माझी हिंमत झाली नाही. "तू आजच्या आज सांगणार आहेस का मी सांगू?" एवढंच ती म्हणाली. मी म्हणालो, योग्य वेळ बघून सांगतो. आणि ती आणखी काही बोलायच्या आत चहा टाकायला गेलो.

दाइकू-सानांनी गुडघे टेकून एक लाकडी पेटी उघडली. आत मखमलीवर दगडांचे नमुने मांडले होते. बाबा सरकारी बांधकाम खात्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले आहेत. दगड दिसल्यावर ते पेपर ठेवून उठले.

"हा कोण?"

"कंपनीचा माणूस, बाबा."

"आणि दगड तुम्ही निवडायचा?"

"इथं भाडेकरूचं मत विचारतात."

बाबा माझ्याकडे बघत राहिले. "फार पुढारलेला देश आहे," ते म्हणाले आणि खाली बसून एकेका दगडावर टिचकी मारू लागले.

दाइकू-सानही टिचकी मारायचे. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता, पण टिचक्या जुळल्या. बायकोचा जीव ओया गावाच्या दगडावर जडला होता. फिकट हिरवट रंग, अंगावर तपकिरी खळगे, आणि वजनाला हलका. बाबांनी तो उचलला आणि तोंड वाकडं केलं. "हा दगड आहे का पाव? आमच्या खात्यानं याची मुतारीसुद्धा बांधली नसती. काळा ग्रॅनाइट लावा. कंपनीच्या खर्चानं होतंय तर मागेपुढे कशाला बघता?"

"कंपनी ऐकेल असं नाही," मी म्हणालो.

"मग कंपनीला पत्र लिहू."

आणि त्यांनी खरंच लिहिलं. दोन पानी इंग्रजी पत्र, खाली आकृती, शेवटी त्यांचा जुना हुद्दा. ते साहेबांना दे म्हणाले. मी ते बॅगेत घालून ऑफिसला नेलं, आणि दुपारच्या सुट्टीत ओनिगिरी नावाचा भाताचा गोळा खाता खाता घरव्यवस्था विभाग नावाच्या, आमच्याकडे नसलेल्या, विभागाच्या वतीनं उत्तर टाइप केलं. आपल्या सूचनांबद्दल आभारी आहोत. ग्रॅनाइटच्या वजनाबाबत शंका आहे. संध्याकाळी बाबांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं आणि रात्रीच्या जेवणाआधी वजनाचं गणित मांडून दुसरं पत्र तयार केलं. हा पत्रव्यवहार तीन आठवडे चालला. माझ्या उत्तरांत हळूहळू मलाच गोडी वाटायला लागली. एकदा तर त्या विभागाच्या बाजूनं मी बाबांवर थोडा चिडलोसुद्धा. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्यानं विचारलं, इतकं मन लावून काय लिहितोयस. मी म्हणालो, क्लायंट अवघड आहे.

मग दिशेचा घोळ झाला. बाबा नोकरीत असताना वास्तुशास्त्राला हसायचे. निवृत्तीनंतर त्यांनी फोनवर होकायंत्र घेतलं. एका सकाळी ते भोकासमोर फोन धरून उभे राहिले आणि म्हणाले, "ही ईशान्य आहे. ईशान्येला अग्नी? कंपनीला काही कळतं का?" मी मुलीला सांगितलं, हे दाइकू-सानांना सांग. ती नऊ वर्षांची. आजोबा मराठीत विचारतात आणि ती जपानीत उत्तर देते. तिनं सांगितल्यावर दाइकू-सानांच्या हातातली पेन्सिल खाली पडली. ईशान्य म्हणजे किमोन, भुतं आत येण्याचं दार, तिथं चूल, पाणी, संडास काही काही ठेवू नये. त्यांनाही हे पहिल्या दिवसापासून खुपत होतं, पण मालकाला कसं सांगायचं म्हणून ते गप्प बसले होते. दोन म्हाताऱ्यांनी एकमेकांना वाकून नमस्कार केला. पुण्याचे देव आणि जपानची भुतं एकाच कोपऱ्यात निघाली याचा दोघांना केवढा आनंद!

शेवटी आग खोटी असल्यामुळे दोषही सौम्य आहे असं दोघांचं एकमत झालं. उपाय म्हणून दाइकू-सानांनी बाहेर त्या कोपऱ्यात लाल फळांचं एक रोप आणून ठेवलं. बाबा रोज सकाळी त्याला पाणी घालून हात जोडायचे.

काम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी शेजाऱ्यांकडे जायचं होतं. हातोड्यांचा आवाज होणार म्हणून आधीच माफी मागायची आणि एकेक टॉवेल द्यायचा, ही इथली रीत. घरमालकाला सुतारासोबत जावं लागतं. मी निघालो तर बाबा कोट घालून तयार. "कंपनीच्या वतीनं मी पण येतो," ते म्हणाले. पाच दारांवर ते नमस्कार करून माझ्याशेजारी उभे राहिले. समोरच्या आजींनी टॉवेल घेतला आणि घर घेतल्याबद्दल माझं तोंडभरून अभिनंदन केलं. "काय म्हणतात?" बाबांनी विचारलं. "टॉवेल छान आहे म्हणतात," मी म्हणालो. बाबांनी आजींना पुन्हा एकदा नमस्कार केला.

त्याच संध्याकाळी बाबांनी अचानक ग्रॅनाइटचा नाद सोडला. "सूनबाईला आवडलाय तो पावासारखाच लावा," ते म्हणाले. "कंपनीला कळव." मला हायसं वाटलं. माझ्या उत्तरांमुळे ते नमले असा माझा समज झाला आणि थोडा अभिमानही वाटला.

दगड बसला, वर भिंतीवरही हातभर. वरची फळी तेवढी राहिली होती. दाइकू-सान भिंतीवर पेन्सिलीनं खूण करत होते, बायको खुर्चीत बसून बघत होती. बाबा त्या आगीसमोर तळवे पसरून बसले होते. ते रोजच बसायचे. ऊब येत नाही हे मी त्यांना किती वेळा सांगितलं होतं. ते म्हणायचे, बघूनच बरं वाटतं.

"फळी किती रुंद?" त्यांनी विचारलं.

"दहा सेंटिमीटर."

"म्हणजे चार इंच. सात करायला सांग."

"कशाला बाबा? नुसती शोभेची तर आहे."

"फोटोला मागे टेकू लागतो. चार इंचांत फोटो उभा राहत नाही."

"कुणाचा फोटो?"

"माझा. आणखी कुणाचा? तुझ्या आईचा पुण्यालाच असू दे, तिला थंडी सोसत नाही."

मी म्हणालो, "पण बाबा, घर कंपनीचं आहे, उद्या त्यांनी दुसरीकडे हलवलं तर..."

बाबा उठले. माझं मनगट धरून त्यांनी मला दाराशी नेलं आणि कॅलेंडर उचलून खिळा दाखवला. "नऊ वर्षं ही मला फोनवर सांगतेय, बाबा, भाड्याच्या घरात खिळा मारू देत नाहीत. आलो त्या दिवशी बूट काढताना पहिला हाच दिसला. आयुष्य बांधकामात गेलं माझं. खिळ्यावरून घर कुणाचं ते कळू नये?"

स्वयंपाकघराकडे जाताना बायको म्हणाली, "मी काही सांगितलेलं नाही हं."

"मग ती पत्रं?" मी विचारलं.

"तुझी उत्तरं छान असायची," बाबा म्हणाले. "एवढं सविस्तर तू मला नऊ वर्षांत कधी लिहिलं नव्हतंस. म्हणून मी ग्रॅनाइट लावून धरला."

मला तिथंच रडू आलं. लाज वाटली, आणि इतके आठवडे त्यांना फसवतोय असं समजणारा मी किती मूर्ख होतो तेही कळलं. बाबांनी माझ्या पाठीवर टिचक्या मारल्यासारखं थोपटलं. मी नाक पुसत विचारलं, मग ग्रॅनाइट सोडला का?

"मी हा असा काळा. मागे काळा दगड लावलास तर फोटोत दिसणार कसा?"

मुलीनं दाइकू-सानांना सगळं जपानीत सांगितलं. मी अडवायच्या आत तिनं फोटोचंही सांगितलं. ते टोपी काढून क्षणभर उभे राहिले. मग म्हणाले, या देशात भूकंप होतात, वडील फळीवरून पडतील. कडेला बोटभर उंच काठ, ओठासारखा, काढतो. बाबांना ही सूचना फार आवडली. सात इंचांची फळी, पुढे ओठ, आणि मापासाठी बाबांनी स्वतःचा पासपोर्ट तिथं उभा करून दाखवला.

बाबा परत गेले. त्यानंतरच्या दिवाळीत त्यांनी वरच्या खोलीला रंग दिला नाही, आणि मीही दोन वर्षांचं काही बोललो नाही. फळीचा मधला भाग आम्ही रिकामा ठेवतो. दोन्ही बाजूंना दगडांचे उरलेले नमुने मांडलेत, कारण इथला कचरावाला दगड नेत नाही.

रविवारी आमच्याकडे साडेअकरा वाजतात तेव्हा पुण्यात आठ वाजलेले असतात. बाबांचा फोन आला की मुलगी तो फळीवर मधोमध टेकवून ठेवते. ओठामुळे घसरत नाही. फिकट दगडासमोर त्यांचा चेहरा खरोखरच उठून दिसतो. ते चहा पीत आम्हांला विचारतात, खाली जाळ लावलाय का. आम्ही बटण दाबतो. तडतड ऐकू आली की ते म्हणतात, आता बरं वाटतं.

"मधोमध आहे ना मी?" ते विचारतात.

"हो बाबा," मी म्हणतो, आणि उठून फोन बोटभर डावीकडे सरकवतो.