खानावळीतला मेजर

मेजर एकटा चालतानाही कोणाच्या तरी पुढे चालल्यासारखा चालायचा. छाती काढून नव्हे, पण मागे वळून न बघता. ते चालणं बघूनच खानावळीतल्या पोरांनी त्याला 'मेजर' नाव पाडलं. त्याचा सैन्याशी संबंध एवढाच, की त्याला अधिकारी व्हायचं होतं.

एकाहत्तरच्या लढाईनंतरची ती वर्षं. सोलापुरात कॉलेजला असताना आम्ही दोघं एका खोलीत राहायचो. तो मंद्रूपकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला, एकुलता एक. मी अंथरुणात असतानाच तो होटगी रस्त्याने धावून यायचा आणि भिंतीसमोर उभा राहून इंग्रजीत बोलायचा.

"पोरं हसतात रे तुला," मी म्हणायचो.

"हसू दे की. सवय लागाय पायजे."

निवड मंडळाने त्याला दोनदा परत पाठवलं. दुसऱ्यांदा तो स्टेशनवरून थेट खानावळीत आला. "मेजर आले, सलाम ठोका!" कोणीतरी ओरडलं आणि हशा उसळला. त्याने ट्रंक कोपऱ्यात ठेवली, ताट ओढलं आणि पोटभर जेवला. खोलीवर आल्यावर मात्र भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. मी हाक मारली, तर "आज बोलू नको," एवढंच म्हणाला. सकाळी जाग आली तेव्हा त्याचे बूट जागेवर नव्हते.

तिसऱ्यांदा बोलावणं आलं आणि त्याच सुमारास त्याचे वडील गेले. "आईला टाकून कुटं निघालास?" चुलत्यांनी विचारलं. शेवटी आईच म्हणाली, "जाऊ द्या त्याला." मुंडण केलेल्या डोक्यानेच तो मुलाखतीला गेला.

परतल्यावर त्याने सांगितलं, की साहेबांनी विचारलं, तुम्ही सैन्यात आलात तर आईजवळ कोण?

"मग?"

"कोणी न्हाय म्हणालो."

"अरे, चुलते आहेत म्हणायचं!"

"हायत. पण तिच्याजवळ कोणी न्हाय. खोटं कसं सांगू?"

काही महिन्यांनी निवड झाल्याचं कळलं. मी आनंदाने मिठी मारली, तर त्याने ती हळूच सोडवली. "धावणं, बोलणं समदं जमलं रे," तो म्हणाला. "तिला सोडून जायचं तेवढं शिकलो न्हाय."

निघायच्या दिवशी आई स्टेशनवर आली होती. तो पाया पडला. तिने त्याच्या डोक्यावरचे पुन्हा वाढलेले केस कुरवाळले. "जेवत जा," म्हणाली. गाडी हलली. खिडकीतून त्याचा हात दिसेनासा होईपर्यंत ती तशीच उभी होती, डोळे कोरडे.

मी तिला एसटी स्टँडवर सोडायला गेलो. मंद्रूपच्या गाडीत ती खिडकीशी बसली आणि शेजारच्या जागेवर तिने पिशवी ठेवली. एक बाई बसायला आली.

"माणूस यायचंय हितं," आई चटकन म्हणाली.

मग थांबली. पिशवी उचलून मांडीवर घेतली.

"बसा बाई," ती म्हणाली, आणि गाडी सुटेपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली.