फिर्यादीचा ऑडिटर

ते प्रकरण आजही आठवलं की आधी माझीच लाज वाटते, मग हायसं वाटतं.

गोंदिया तालुक्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. धान खरेदी करणाऱ्या एका शेतकरी कंपनीच्या अध्यक्षाने फिर्याद दिली की गोदामातून चारशे पोती गायब आहेत. किल्ली गोदाम सांभाळणाऱ्या बाईकडे, म्हणून संशय तिच्यावर. ती एकच सांगायची, "साहेब, पोते कमी हायेत हे मीच अध्यक्षाले पयले सांगतली."

पण कंपनीच्या ऑडिटरने मार्चअखेर लिहून दिलं होतं की साठा स्वतः मोजला, पूर्ण आहे. म्हणजे चोरी त्यानंतरची. ऑडिटर चार्टर्ड अकाउंटंट. त्याची पदवी, परवाना मी स्वतः पडताळला होता. दोन्ही अस्सल. बाईच्या अटकेचे कागद मी तयार करायला घेतले. गावात ती तेव्हाच चोर ठरली होती.

तेवढ्यात ठाण्यात एक निनावी फोन आला. "त्या बाईले काऊन धरून राहिले, साहेब? मोजणाऱ्याले पुसा ना."

मी ऑडिटरला जबाबाला बोलावलं. अध्यक्ष समोरच बसले होते. त्यांना सहज विचारलं, "यांची तुमची ओळख?"

"कामापुरती. नातं-गोतं काई नाही."

ऑडिटर दारातून आत आला. अध्यक्ष उठले आणि सवयीने वाकून त्याच्या पाया पडले. आमच्याकडे सासरा जावयाच्या पाया पडतो. अध्यक्ष साठीचे, ऑडिटर पस्तिशीचा. हवालदार म्हणाला, "नातं नाही म्हणता, अन् पाया पडून राहिले?"

दोघांना वेगवेगळं बसवलं. जावई तासाभरात बोलला. "गोदामात मी पायच ठेवला नाही. सासऱ्यांनी आकडा सांगितला, मी सही केली." धान अध्यक्षांनी हिवाळ्यातच परस्पर विकलं होतं.

अध्यक्ष हा कंपनीचा संचालकच, आणि संचालकाचा जावई त्या कंपनीचा ऑडिटर होऊच शकत नाही, हा कायदा मी नंतर वाचला. मी पदवी तपासत बसलो. मोजणारा परका आहे का, हे आधी बघायला हवं होतं. नोकरीत मी बऱ्याच चुका केल्या, पण ही वेळेत सुधारली याचं समाधान मोठं आहे.

अटकेचे कागद फाडून मी बाईची माफी मागितली. ती म्हणाली, "माफी कायले मांगता? गावात येऊन सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर्दी चढवली आणि तिच्या गावच्या चावडीवर उभा राहिलो. तिचं नाव घेऊन मोठ्याने सांगितलं, चूक माझी होती.